घरचा रंग सौम्यच असतो का? मुलांच्या अंगावरच्या रंगांचा इतिहास शोधताना

गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीला शाळेच्या गॅदरिंगमध्ये वाघ व्हायचं होतं. वय वर्षं सहा. ताईने चेहरा रंगवायची एक पेटी आणली होती, पण तिच्यावर घटकांची यादी नव्हती, नुसतं वाघाचं चित्र. ताई म्हणाली, "तू घरगुती रंगांवरच पीएचडी करतेस ना, मग कर की काहीतरी घरचं, सौम्यसं." मलाही चेव आला. आजीच्या वहीत कुंकवाची कृती होतीच: हळद, चुना, लिंबू. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. चुन्यानेही तेच होतं. मी हळद घेतली, पानाच्या डब्यातला बोटभर चुना घेतला, थोडं पाणी आणि खोबरेल घालून कालवलं. झकास केशरी रंग झाला. लिंबू मात्र वगळलं, कारण दोन थेंब टाकताच रंग पुन्हा पिवळा पडायला लागला.

दहा मिनिटांत वाघ रडायला लागला. धुतल्यावर दोन्ही गाल लालबुंद. पुढे दोन दिवस ते खरखरीत राहिले. गॅदरिंगला भाची रंगाशिवाय, नुसती शेपूट लावून गेली. ताईने मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

हे सांगायचं कारण असं की चूक फक्त स्वयंपाकघरातली नव्हती. ती संशोधनातलीही होती. तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करत आहात. कितीतरी सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास येतं: "पूर्वीच्या काळी घरगुती, नैसर्गिक आणि निरुपद्रवी रंग वापरले जात असत, रासायनिक रंगांच्या आगमनानंतर ही परंपरा लोप पावली." माझ्याही पहिल्या मसुद्यात हे वाक्य होतं. गाइडने त्याखाली लाल रेघ मारून एकच प्रश्न लिहिला होता: कशावरून? तेव्हा मला तो प्रश्न खडूसपणाचा वाटला. भाचीचे गाल बघितल्यावर तो कळला.

आता 'कशावरून'कडे येऊ.

नाव एक, पदार्थ दुसरा

मुलांच्या अंगावरच्या रंगांची आपल्याकडची यादी मोठी आहे. बाळाच्या गालावरची किंवा तळपायावरची काजळाची तीट, डोळ्यांतलं काजळ, मुलीच्या कपाळावरचं कुंकू, आषाढीला छोट्या वारकऱ्यांना लावलेलं गोपीचंदन आणि बुक्का, रंगपंचमीचं पळसाच्या फुलांचं पाणी, मेंदी, नाटकातल्या सोंगासाठी फासलेली नीळ किंवा सफेदा. आपण ही नावं वाचतो आणि आपल्याला वाटतं की पदार्थ कळला. पण नाव टिकून राहतं आणि त्याखालचा पदार्थ बदलत जातो.

'कुंकू' हाच शब्द घ्या. संस्कृतात 'कुंकुम' म्हणजे केशर. अमरकोशात कुंकुमाला 'काश्मीरजन्म' असा पर्याय दिलेला आहे, म्हणजे काश्मिरात होणारं ते. आपलं कुंकू हळदीचं. म्हणजे जुन्या संस्कृत ग्रंथात मुलाच्या अंगाला कुंकुम लावल्याचा उल्लेख सापडला आणि तुम्ही 'कुंकू लावत असत' असं भाषांतर केलंत, तर तुम्ही एका महागड्या फुलाच्या केसरांचं रूपांतर घरच्या हळदीत करून टाकलंत. त्यात सामाजिक स्तरही बदलला, व्यापारही बदलला, कातडीवर काय लागलं तेही बदललं.

'अबीर' तर आणखी गमतीचा. महाराष्ट्रात अबीर म्हणजे बुक्का, काळसर सुगंधी पूड. उत्तरेत आणि बंगालकडे अबीर म्हणजे होळीची लाल पूड. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नोंदींत या लाल अबीराची कृती सापडते: कचोऱ्याच्या गड्ड्यांची पूड घ्यायची आणि ती पतंगाच्या लाकडाच्या काढ्यात रंगवायची. जॉर्ज वॅट यांचा भारतातल्या आर्थिक उत्पादनांचा कोश (१८८९ ते १८९३) अशा माहितीची खाण आहे. पण तो कोश साऱ्या देशाचा आहे. त्यातली कलकत्त्याकडची कृती उचलून 'पंढरपूरचा अबीर असा बनत असे' असं लिहिलं की संपलं. आपल्या भागातला अर्थ बघायचा तर आधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. त्याची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. मी प्रत्येक रंगाचं नाव आधी तिथे शोधते, मग पुढे जाते.

आणि नीळ. माझे बाबा शाळेच्या नाटकात कृष्ण झाले होते, तेव्हा त्यांच्या अंगाला नीळ फासली होती. आठवण पक्की आहे, फोटोही आहे. फक्त ही नीळ कोणती? नीळ म्हणजे मूळची निळीच्या झाडाची, पानं आंबवून काढलेली. पुढे १८९७ मध्ये जर्मनीत कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आली, ती रसायन म्हणून झाडाच्या निळीसारखीच. पण कपड्यांना पांढरेपणा यावा म्हणून धुण्याच्या पाण्यात घालायची जी 'नीळ', ती बरेचदा अल्ट्रामरीन असते. ते खनिज रंगद्रव्य आहे, झाडाशी त्याचा काही संबंध नाही. कृत्रिम अल्ट्रामरीनची कृती १८२८च्या सुमारास फ्रान्स आणि जर्मनीत सापडली. बाबांच्या पिढीतला कृष्ण बहुधा या धुण्याच्या निळीने निळा झालेला होता. म्हणजे 'आमच्या वेळी नैसर्गिक नीळ लावायचे' ही मुलाखतीतली ओळ प्रामाणिक असूनही चुकीची असू शकते. सांगणारा खोटं बोलत नसतो; शब्द दोन काळांत दोन गोष्टी सांगत असतो.

वहीत काय लिहिलेलं नसतं

कुंकवाकडे परत येते, कारण माझी चूक तिथेच झाली.

आजीच्या वहीतल्या कृतीत तीन पदार्थ होते. प्रमाण नव्हतं आणि वेळही नव्हता. घरगुती कृतींच्या वह्या अशाच असतात. ज्याला ती गोष्ट येते त्याने स्वतःच्या आठवणीसाठी केलेली ती खूण असते. जे हाताला माहीत आहे ते कशाला लिहायचं? त्यामुळे अशा वहीत जे लिहिलेलं नाही, तेच अनेकदा सर्वात महत्त्वाचं असतं. हे मी सेमिनारमध्ये दोनदा ऐकलं होतं आणि वहीत उतरवूनही घेतलं होतं. तरी चुना भाचीच्या गालावर गेलाच.

नंतर मी आईच्या मावशीला विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, ते कालवून, सुकवून, कुटून, गाळून महिना-महिना पडून राहायचं. ओलं ताजं कोण लावतं?" एवढ्या एका वाक्यात माझं उत्तर होतं. ताजा चुना जबर अल्कली असतो, कातडी पोळते. तोच चुना पातळ पसरून हवेत वाळत राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा हळूहळू खडू होतो आणि धार जाते. सुकवणं आणि साठवणं या मला कंटाळवाण्या वाटलेल्या पायऱ्या होत्या. सौम्यपणा त्यांच्यातच होता.

शिवाय कुंकू कातडीवर थेट जात नसे. जुन्या बायका आधी कपाळावर मेणाचा छोटा गोल लावत आणि त्यावर कोरडं कुंकू दाबत. मेण लावायचं ते पूड चिकटावी म्हणून. पण त्यामुळे पूड आणि कातडी यांच्यामध्ये एक थरही येत होता. हा माझा अंदाज आहे. कोणी 'संरक्षणासाठी मेण' असं म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. असे अंदाज लिहिताना 'माझ्या मते' हे दोन शब्द जपून ठेवा, तोंडी परीक्षेत उपयोगी पडतात.

कुंकवाची दुसरी एक कृतीही रूढ होती. तिच्यात चुन्याऐवजी टाकणखार आणि लिंबाचा रस. ही लाली वेगळ्या वाटेने येते. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. आम्लाबरोबर त्याचं बोरिक आम्ल होतं आणि हळदीतलं कर्क्युमिन बोरिक आम्लाबरोबर लाल संयुग तयार करतं. बोरॉन ओळखायची प्रयोगशाळेतली जुनी चाचणी याच गुणावर चालते. चुन्याची लाली आम्लाने पुसते, बोरॅक्सची पुसत नाही, उलट सोड्याच्या पाण्याने ती हिरवट-काळी होते. म्हणजे जुन्या करंड्यात तळाशी कुंकू सापडलं तर चिमूटभर पुडीवर लिंबाचा एक थेंब टाकून काही तरी सांगता येतं. पिवळं पडलं तर हळद-चुना. नाही पडलं तर टाकणखार, किंवा मग कारखान्यातला रंग. (संग्रहालयातल्या करंड्यावर हा प्रयोग करू नका. मी घरच्या करंड्यावर केला आणि त्यावरूनही बोलणी खाल्ली.)

आता या टाकणखाराबद्दल. तो 'नैसर्गिक' आहे, खनिज आहे, आयुर्वेदातही आहे. पण बोरिक आम्ल बाळांच्या बाबतीत निरुपद्रवी नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्य देशांत ते बाळांच्या अंगाला लावायच्या पावडरीत आणि मलमांत सर्रास असे. १९५३ मध्ये एका बालरोगविषयक नियतकालिकात जगभरच्या १०९ विषबाधांचा आढावा छापून आला आणि हळूहळू तो वापर मागे पडला. सोललेल्या किंवा पुरळ आलेल्या कातडीतून ते शरीरात जातं. मोठ्या बाईच्या कपाळावरची मेणावरची टिकली आणि लहान मुलाचा अख्खा चेहरा, यांत पदार्थ तोच असला तरी गोष्ट एक नाही.

हा क्षेत्रफळाचा मुद्दा मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. तो गालांनीच शिकवला. आपल्या जुन्या रंगांतले रोजचे बहुतेक रंग ठिपक्यांचे आहेत: तीट, टिळा, टिकली. चेहराभर रंग हा सोंगाचा, वर्षातून एखाद्या दिवसाचा, आणि तो लावणारे बहुधा मोठे लोक. आपण काय करतो, तर ठिपक्याची कृती घेतो आणि ती चेहराभर फासतो, वर म्हणतो की परंपरेने ही सुरक्षित ठरली आहे. परंपरेने ठिपका सुरक्षित ठरवला असेल फार तर.

काजळ आणि सुरमा

यापेक्षा गंभीर प्रकरण डोळ्यांचं आहे. इथे शब्दांचा घोळ मुलांच्या जिवावर बेतलेला आहे.

घरचं काजळ म्हणजे तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरायची, जमलेली काजळी खरवडायची आणि तुपात किंवा लोण्यात खलायची. हा कार्बन. सुरमा म्हणजे दगड वाटून केलेली पूड. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज लेखक त्याला बिनदिक्कत 'अँटिमनी' म्हणतात, पण बाजारातला सुरमा बहुतेकदा गॅलिना, म्हणजे शिशाचं सल्फाइड असतो. दोन्ही काळे, चमक सोडली तर सारखे दिसणारे. इंग्रजीत दोघांनाही 'कोहल' म्हणून टाकतात आणि आपणही बोलताना फारसा फरक करत नाही.

१९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डोळ्यांच्या प्रसाधनातून झालेल्या शिशाच्या विषबाधेवर लेख आला. १९७८ मध्ये त्याच नियतकालिकात सुरमा आणि शिसं यांवर पुन्हा लेख आला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आशियाई कुटुंबांतल्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त आढळत होतं आणि धागा सुरम्यापर्यंत जात होता. मुलं डोळे चोळतात, मग बोटं तोंडात घालतात. एवढाच मार्ग पुरेसा असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पोटात गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतं, आणि शिशाचं 'एवढं चालेल' असं सुरक्षित प्रमाण माहीत नाही. त्या आया निष्काळजी नव्हत्या. त्यांनी प्रेमानेच लावलं होतं, आणि बहुतेकींना ते पिढ्यान्‌पिढ्यांचं, सौम्य वाटत होतं.

मग परंपरेत हे होतं की नव्हतं? होतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, सौवीरांजन रोज आणि रसांजन पाच किंवा आठ रात्रींनी एकदा असा विधी आहे. रसांजन दारुहळदीच्या काढ्याचं, ते वनस्पतीचं. सौवीरांजन खनिज, ते अँटिमनीचं की शिशाचं याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. इथे घाई करू नका. 'चरकाने शिसं लावायला सांगितलं' हेही वाक्य तितकंच सैल आहे, जितकं 'प्राचीन भारतीय प्रसाधनं पूर्णपणे सुरक्षित होती' हे. ग्रंथातलं नाव आणि बरणीतला दगड यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते ग्रंथ वाचून भरत नाही. इजिप्तच्या अभ्यासकांनी ते वेगळ्या वाटेने भरलं. लूव्हर संग्रहालयातल्या प्राचीन कुप्यांत राहिलेल्या पुडीचं त्यांनी रासायनिक विश्लेषण केलं आणि १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. गॅलिना तर निघालंच, शिवाय निसर्गात सहज न सापडणारे शिशाचे क्षार निघाले, म्हणजे ते मुद्दाम बनवलेले होते. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचं हे 'कृत्रिम रसायन'. नैसर्गिक ते जुनं आणि रासायनिक ते नवं ही आपली मांडणी किती पोकळ आहे, ते दाखवायला मी हे उदाहरण नेहमी देते.

आणि दिव्याचं काजळ तरी सौम्य का? त्यात शिसं नाही, हे खरं. पण काजळीत जळणातून आलेले इतर नकोसे पदार्थ असतात, बोटाने घातलं की संसर्गाची भीती असते, आणि आजचे बालरोगतज्ज्ञ बाळाच्या डोळ्यांत काही घालू नका असंच सांगतात. तीट तळपायाला लावा, डोळ्यांपासून लांब. दृष्ट तेवढ्यानेही टळत असावी.

दर होळीला छापून येणारा तक्ता

आता तुमच्यासाठी एक छोटा स्वाध्याय. होळीच्या आठवड्यात कुठलंही वर्तमानपत्र उघडा. एक तक्ता दिसेल: काळ्या रंगात लेड ऑक्साइड, हिरव्यात कॉपर सल्फेट, लाल रंगात मर्क्युरी सल्फाइट, चंदेरीत ॲल्युमिनियम ब्रोमाइड. खाली आवाहन: पळसाच्या फुलांचे घरगुती रंग वापरा. वर्षानुवर्षं तोच तक्ता, त्याच क्रमाने.

जरा थांबून वाचा. ॲल्युमिनियम ब्रोमाइड हवेतल्या ओलाव्याने धुमसतं आणि पाण्याशी जोरात अभिक्रिया करतं. ते चकचकीत चंदेरी नसतंच. चंदेरी रंगात असते ती ॲल्युमिनियमची पूड. 'मर्क्युरी सल्फाइट'ही गडबडच दिसते, लाल असतं ते पाऱ्याचं सल्फाइड, म्हणजे आपला हिंगूळ. एक अक्षर चुकलं आणि ते वर्षानुवर्षं तसंच उतरवलं गेलं. याचा अर्थ बाजारचे होळीचे रंग चांगले असा अजिबात नाही. १८५६ मध्ये पर्किनने कृत्रिम जांभळा रंग काढल्यावर पुढच्या काही दशकांत मॅलेकाइट ग्रीन (१८७७), रोडामाइन बी (१८८७) असे रंग आले. ते कापडासाठी होते. स्वस्त आणि भडक असल्याने ते गुलालात आणि कुंकवातही शिरले. पुदुच्चेरीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००७ मध्ये कुंकवामुळे त्वचादाह झालेल्या ४६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. धोका खरा आहे. तक्ता मात्र कोणी, कुठल्या पुडीचं, कधी तपासून केला हे कुठेच लिहिलेलं नसतं. चांगल्या कामासाठी वापरलेला वाईट पुरावा आपण सहसा तपासत नाही, कारण निष्कर्ष आपल्याला आवडणारा असतो.

पळसाचं मात्र मला मनापासून कौतुक आहे. वाळलेली फुलं रात्रभर पाण्यात टाकली की सकाळी केशरी-पिवळं पाणी तयार. चुना नको, खार नको. मुलांच्या अंगावर बादलीभर ओतलं तरी धुऊन जातं. चेहऱ्यावर वाघ काढायला मात्र ते उपयोगी नाही, कारण ते पाणीच राहतं, ओघळतं.

हळद तरी कुठली?

भाचीच्या प्रकरणानंतर मी ठरवलं, चुना बाद, नुसती हळद वापरू. मग वाचनात बांगलादेशातलं संशोधन आलं आणि पुन्हा थबकले.

तिथल्या ग्रामीण भागात गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं. आसपास कारखाना नाही, बॅटऱ्या गाळणं नाही. शोध घेता घेता संशोधक हळदीपर्यंत पोचले: हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट हे रंगद्रव्य मिसळलं जात होतं. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मला त्यातली पद्धत विशेष आवडली. त्यांनी नुसते नमुने तपासले नाहीत, हळकुंडं पॉलिश करणाऱ्यांशी आणि व्यापाऱ्यांशी बोलून ही रीत कधी सुरू झाली ते विचारलं. उत्तरं १९८०च्या दशकाकडे गेली. पुराने हळद भिजून काळवंडली, गिऱ्हाईक पिवळी मागत होतं, कोणीतरी रंग चढवला, आणि मग सवय झाली. एका विषाची जन्मकथा मौखिक इतिहासातून मिळाली. पुढे सरकारने कारवाई केली आणि बाजारातल्या नमुन्यांत भेसळीचं प्रमाण २०१९ मधल्या ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आलं. नंतरच्या पाहणीत भारतात पाटण्याच्या बाजारातल्या हळदीतही असं शिसं आढळलं.

माझी पहिली प्रतिक्रिया होती: मग सांगलीची हळकुंडं आणू आणि घरी दळू. पण बांगलादेशात रंग चढवला जात होता तो अख्ख्या हळकुंडांवर, पॉलिश करताना! म्हणजे घरी दळल्याने काही वाचत नाही. 'घरगुती' हा शब्द फक्त शेवटची पायरी कुठे झाली तेवढंच सांगतो. त्याआधीची साखळी, म्हणजे शेत, वखार, गिरणी, अडत्या, त्या शब्दामागे दिसेनाशी होते. तुमच्या प्रबंधात 'घरगुती उत्पादन' असा शब्द आला की कच्चा माल कुठून आला हे विचारा, निम्मं प्रकरण तिथेच निघेल.

दुसरा वाघ

भाचीने मला फेब्रुवारीत, तिच्या वाढदिवसाला, दुसरी संधी दिली. अट तिचीच होती: आधी माझ्या चेहऱ्यावर लावायचं.

काळ्या पट्ट्यांसाठी मी दक्षिणेतली एक रीत उचलली. तमिळनाडूकडे बाळाच्या तिटेसाठी साबुदाणा किंवा तांदूळ काळा होईपर्यंत भाजतात, मग पाण्यात शिजवून-घोटून घट्ट करतात. भाजल्याने पिठूळ भागाचा थोडा डिंकासारखा पदार्थ होतो, म्हणून ती तीट वेगळं तेल-तूप न घालता चिकटते. रंग म्हणजे निव्वळ जळालेलं धान्य. (ही 'प्राचीन' रीत का? टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा धंदा सेलमला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिला. पण त्याआधीही पूर्वेकडून साबुदाणा येत होता आणि तांदूळ तर कायमचेच. त्यामुळे साबुदाण्यावरून रीतीचं वय काढता येणार नाही. मी मोहाला बळी पडले नाही, एवढं नोंदवून ठेवते.)

बाकीच्या रंगांसाठी पांढरा लेप: मक्याचं पीठ, पाणी, थोडं ग्लिसरीन. त्यात बिटाचा आटवलेला रस घातला की गुलाबी-लाल, आणि नामांकित कंपनीची पाकीटबंद हळद अगदी चिमूटभर घातली की केशरी. हळद जास्त झाली तर डाग दोन दिवस जात नाही आणि काहींना हळदीचंही वावडं असतं. कोकम घेऊ नका. रंग सुंदर असतो पण आंबटपणा झोंबतो. पालकाचा हिरवा रंग ओशाळवाणा येतो. निळ्यासाठी गोकर्णाची फुलं उकळा. त्यात लिंबू पिळलं की पाणी जांभळं होतं, मुलं खूश, पण ते भांड्यातच करा, गालावर नको.

यात टिकवणारं काहीच नसतं, म्हणून हा लेप त्याच दिवशी करून त्याच दिवशी टाकायचा. ओल्या पिठात जंतू फार लवकर वाढतात. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून चोवीस तास बघायचं. डोळ्यांभोवती, ओठांवर, खरचटलेल्या जागी अजिबात नाही.

आणि या वेळी मी वहीत असं लिहिलं, आजीच्या कृतीखालच्या रिकाम्या जागेत: "मक्याचं पीठ सपाट २ चमचे, पाणी १ चमचा, ग्लिसरीन पाव चमचा, आटवलेला बीटरस १ चमचा, हळद चिमूट (पाकीटबंद, दुकानातून, शनिवारी आणलेली). काळा: तांदूळ १ चमचा, लोखंडी कढईत १५ मिनिटं, धूर फार, खिडकी उघडी ठेवणे. गालावर ४० मिनिटं राहिला, मग तडे गेले. कोमट पाण्याने धुतला. केशरी छटा कानामागे दुसऱ्या दिवसापर्यंत. लाली नाही, खाज नाही. चुना घालू नये, ताजा तर नाहीच." भाचीने त्याखाली पेन्सिलने वाघ काढलाय. पट्टे मोजून सात.